स्वतःच्या निषेधाची तपासणी

संस्थेत प्राध्यापक ग्लेब इन्नोकेंत्येविच यांच्या निषेधाची सभा गुरुवारी ठरली होती, आणि मंगळवारी दुपारी त्या निषेधाचं भाषण तपासायला त्यांच्याकडेच आलं. त्यात नवल नव्हतं. जुन्या पोथ्यांचे उतारे इतक्या काटेकोरपणे ताडून पाहणारा लेनिनग्राडात दुसरा कोणी उरला नव्हता, आणि वक्त्या कपितोलिना सावेल्येव्ना त्यांच्याच विद्यार्थिनी.

"रागावू नका," ओव्हरकोट न काढताच त्या म्हणाल्या. "संदर्भ चुकला तर भर सभेत माझं हसं व्हायचं."

"रागवायला वेळ कुठंय? अठरा पानं आहेत. ठेवून जा."

मठांतल्या बखरींवरचं त्यांचं बावीस वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक छापखान्यात खिळे जुळवून तयार होतं. निषेधाचा ठराव झाला की खिळे मोडून शिसं वितळवणार, हे त्यांना ठाऊक होतं. वाईट वाटायला हवं, हेही ठाऊक होतं. वाटत मात्र काहीच नव्हतं.

नवव्या पानावर पेन्सिल थांबली. भाषणात सर्वांत घातक ठरवलेलं वाक्य त्यांचं नव्हतंच. संस्थेच्या संचालकांचं होतं, छत्तीस सालच्या लेखातलं. गुरुवारी अध्यक्षस्थानी संचालकच बसणार होते.

बायको तइसिया खांद्यावरून वाचत होती. "गप्प बस, ग्लेब," ती कुजबुजली. भिंतीपलीकडे शेजारी होते. "करू दे तिला भाषण. मग उठून नुसतं पान सांग. सगळ्यांची दातखीळ बसेल. पुस्तक वाचेल तुझं."

"वाचेल."

"मग ठेव ती पेन्सिल खाली!"

"संदर्भ चुकीचा आहे, तइसिया."

"तिचा आहे ना? तुझ्या का पोटात दुखतंय?"

चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या लेखनिकांच्या चुका दुरुस्त करतानाही त्यांनी कधी माणूस भला की बुरा, हे विचारलं नव्हतं. त्यांनी समासात लिहिलं : 'हे माझं नाही. संचालकांचं, पृ. ४१. त्याऐवजी माझं पृ. ११२ घ्यावं, ते जास्त वाईट आहे.'

तइसिया उठली आणि बटाटे सोलायला निघून गेली.

गुरुवारी पान एकशे बारा फारच गाजलं. संचालकांनी विचारलं, "प्राध्यापकांना काही म्हणायचंय?"

"उतारे बरोबर आहेत," असं म्हणून ते खाली बसले. ठराव एकमतानं झाला. सगळ्यांचे हात वर गेले तसा त्यांचाही गेला.

सोमवारी शिसं वितळलं. बुधवारी जिन्यात कपितोलिना सावेल्येव्ना भेटल्या. इकडंतिकडं बघून पुटपुटल्या, "तुम्ही मला वाचवलंत."

"तुमच्या भाषणातल्या तेराव्या पानावरचं साल बघायचं राहिलं," ग्लेब इन्नोकेंत्येविच म्हणाले. "एकतीस हवं होतं."