तीन पानं उघडून पास

कंपनीत माझं काम माल तपासायचं. शंभर बोल्टांतले पाच काढायचे, गेज लावायचा, बसले की अख्खी पेटी पास. पंचाहत्तर साली कादंबऱ्याही मी तशाच निवडल्या. आकुर्डीला आमच्या कंपनीच्या वाचनालयात उभ्याउभ्याच पुस्तक तीन जागी उघडायचं. तिन्ही पानांवर मृत्यू नाहीतर अस्तित्व सापडलं, की पास. ग्रंथपाल रंगराव म्हणाले, बाकीचे खुनाची पुस्तकं नेतात, तुला काय झालंय?

मला काय हौस नव्हती. आई जाऊन तीन महिने झाले होते आणि तेव्हापासून आबांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. दापोडीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. एरवी पुडीचा कागदही वाचल्याशिवाय न सोडणारा माणूस, पण मोतीबिंदूनं वाचन गेलेलं. असंच चाललं तर हेही जातील, ही मला धास्ती. म्हटलं, एवढ्या विद्वानांनी मरणावर लिहून ठेवलंय, रोज वाचून दाखवलं तर एखादं वाक्य तरी लागू पडेल.

कसलं काय! पहिल्या कादंबरीचा नायक समुद्राकडे बघून ‘मी कोण?’ विचारत होता, दुसरीचा आरशाकडे बघून तेच. एकालाही शिफ्ट नाही, ओव्हरटाइम नाही. वाचतावाचता मीच पेंगायचो. आबा ढिम्म.

तिसरीत नायकाची बायको मेली. मी चरकलो, पण पास केलेला माल, रेटला पुढे. गडी टेकडीवरच्या बंगल्यात बसून चाळीस पानं काळ म्हणजे काय, शून्य म्हणजे काय करत राहिला, आणि पानागणिक चहाचे घोट.

“थांब,” आबा म्हणाले.

माझ्या हातून पुस्तकच पडलं.

“त्याला चहा कोण करून देतंय?”

मी मागची पानं चाळली. लेखकानं कुठंच लिहिलं नव्हतं. तसं सांगितलं.

“लबाड आहे लेकाचा,” आबा म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. मग मीही रडलो.

थोड्या वेळानं ते भिंत चाचपत स्टोव्हपाशी गेले. तीन महिने भाकरी शेजारच्या सोजराबाईंची आणि चहा टपरीवरचा. स्टोव्ह पेटलाच नव्हता.

“विलास, साखर कुठं ठेवायची रे ती?”

मला माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं मी त्या घरात चहा पीत होतो. फळीवरचे डबे सगळे सारखेच. पहिल्यापासून एकेक उघडत गेलो.