माझ्या छातीवरून गेलेली कात्री

मी स्वेटर बोलतोय. गळ्यापासून खालच्या काठापर्यंत कात्रीने सरळ कापलेला स्वेटर. पण 'अरेरे' म्हणायची घाई करू नका. माझा रंग असा गडद हिरवा आहे की रस्त्यात लोक वळून बघतात, आणि तरीही मला त्या रंगापेक्षा कात्रीचाच अभिमान जास्त आहे.

सगळं नीट क्रमाने सांगता येईल की नाही, शंका आहे. ज्यांनी मला विणलं त्यांचा स्वभाव थोडा माझ्यातही उतरलाय.

मूळचा मी लोकरीच्या नऊ लडी. मेंढीच्या पाठीवरचं काही आठवत नाही. आठवतं ते दुकानातलं सगळ्यात वरचं फडताळ. लोकर घ्यायला आलेलं माणूस ती आधी गालाला लावून बघतं. मलाही पुष्कळांनी गालाला लावलं आणि लगेच खाली ठेवलं. "टोचते हो," म्हणायचे. मी खरखरीत होतो हे खरंच आहे. शेजारच्या मऊ लडी भराभर खपल्या आणि मी दोन हिवाळे धूळ खात पडलो. दुकानवाली बाई, तिला सगळे लोकरवालीच म्हणत, अधूनमधून मला झटकायची आणि सुस्कारा टाकून परत वर ठेवायची.

मग एके सकाळी सर आले. तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, खिशात मोजपट्टी, हातात वही. त्यांनी मला गालाला लावलं नाही. सगळ्यात जास्त टिकणारी लोकर कोणती, एवढंच विचारलं. लोकरवालीने शिडी लावली.

त्यांची बायको म्हणजे गावातल्या निम्म्या सुयांची गुरू. सगळे तिला मावशी म्हणत. वाचनालयाच्या वरच्या सभागृहात दर शनिवारी तिचा विणकामाचा वर्ग भरायचा. लोकरवालीही तिथेच शिकलेली. त्या वसंतात मावशींना अर्धांगाचा झटका आला. काठी घेऊन चालता येऊ लागलं, पण उजवा हात मागे राहिला. सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस बाई येऊन कपडे घालून द्यायची, आणि त्या वेळी मावशी सरांना खोलीबाहेर पाठवायच्या. महिनाभर हे सोसल्यावर त्यांनी सांगून टाकलं की, स्वतःचे कपडे स्वतः घालता येईपर्यंत त्या घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. वर्ग बंद पडला. कुणी भेटायला आलं तर सर दारातच सांगायचे, "सुधारतेय, छान सुधारतेय." ते सगळ्यांना खरं वाटायचं. सांगून सांगून बहुधा त्यांनाही.

जन्मभर दुसऱ्यांसाठी विणणाऱ्या बाईकडे स्वतःचा धड स्वेटर नाही, हे सरांच्या त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा लक्षात आलं. आपण तिला एक विणून द्यायचा, तिला न कळू देता, असं त्यांनी ठरवलं. सुई कशी धरतात तेही ठाऊक नव्हतं. लोकरवालीने दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली, आणि ते रोज सकाळी 'फिरायला' येऊ लागले.

विणण्याआधी आराखडा. आलेखाचा कागद पसरून एका चौकोनाला एक टाका धरून त्यांनी माझं चित्र काढलं. मावशींच्या खिडकीसमोरच्या तारेवर पाखरं बसायची, म्हणून माझ्या छातीवर तार आणि तारेवर पांढरी पाखरं. पुढच्या बाजूला तेरा, सातवं बरोब्बर मध्यावर. मग एक नमुन्याचा तुकडा विणला, धुतला, वाळवला, तीनदा मोजला आणि सरासरी काढली. तरी चौथ्यांदा मोजायला घेतला, तेव्हा लोकरवाली म्हणाली, "सर, स्वेटर करायचाय. जनगणना नाही."

सुलट टाके त्यांना लवकर आले. उलट्या टाक्यांनी मात्र घाम फोडला. काठांच्या पट्ट्यांपुरते कसेबसे जमायचे. म्हणून लोकरवालीने गोल सुई दिली. तिच्यावर अंग नळीसारखं वाढत जातं, आणि फेरीमागून फेरी नुसतं सुलटच विणायचं असतं. मी असा बंद गळ्याचा, डोक्यावरून घालायचा स्वेटर व्हायला लागलो. त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

किती वेळा उसवलं म्हणून सांगू? एका पाखराची चोच एक टाका आखूड झाली, उसव. गणित जुळलं तर शंका आली की इतकं सहज कसं जुळलं, उसव. उसवल्याने दुखत नाही, पण हिरमोड होतो. काल खांद्यापर्यंत पोचलेलो असायचो आणि आज पुन्हा पोटापाशी. लोकरवाली म्हणायची की मी विणला जातोय की व्यायाम करतोय तेच तिला कळत नाही. सर हसायचे आणि पुन्हा मोजायला लागायचे. मावशी डुलकी घ्यायच्या तेव्हा सरांनी त्यांचं माप घेतलं होतं: छाती, पाठ, मनगट, बाहीची लांबी. सगळं वहीत, दोन शाईंत.

थंडी पडायला लागली आणि मी पुरा झालो. सरांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेलं आणि परीक्षेचा निकाल लावायला आल्यासारखे मावशींसमोर उभे राहिले.

मावशींनी मला हातात घेतलं आणि आधी उलटा केला. विणणारं माणूस पुढचं नंतर बघतं, आधी आतली बाजू बघतं. एकेक पाखरू मागून तपासलं. मग म्हणाल्या, "तिसऱ्याच्या मागे धागा ताणलाय." थोडं थांबून म्हणाल्या, "बाकी ठीक आहे." सर खाली बसले. वर्गातल्या पंधरा वर्षांत हे 'ठीक आहे' मोजून चौघींच्या वाट्याला आलं होतं.

"दोघंही हात लावू नका," मावशींनी सर आणि मदतनीस बाईला बजावलं. डावा हात बाहीत गेला. डोकं आत आलं. उजवा हात मात्र कोपरापाशी अडला. तो वर जाईना. माझ्या आत अंधारात त्यांचा ऊन श्वास माझ्या टाक्यांना लागत होता आणि तो जोरात चालला होता. सरांना राहवलं नाही, ते ओढायला धावले.

"ओढू नका," आतून आवाज आला. "काढा."

त्या बाहेर आल्या तेव्हा केस विस्कटले होते आणि चेहरा पांढराफटक झाला होता. सरांनी वही उघडली.

"सगळ्याचं माप घेतलं मी," ते म्हणाले. "हात किती वर जातो, तेवढं विचारायचं राहिलं."

"विचारलं असतंत तरी मी खरं सांगितलं नसतं," मावशी म्हणाल्या.

सरांनी मला उचललं आणि धाग्याचं टोक शोधायला सुरुवात केली. सगळा उसवून समोरून उघडा विणतो, म्हणाले. तुमच्या वेगाने तो मला पुढच्या हिवाळ्यात मिळेल, मावशी म्हणाल्या. तेवढ्यात सरांना टोक सापडलं. माझा जीव त्या टोकाशी आला होता.

पण मावशींनी माझी कड डाव्या मुठीत धरून ठेवली होती. त्यांनी मला चिमटीत घेऊन चुरगाळलं, ताणलं, चक्क गालाला घासलं. मी टोचलो. त्या पहिल्यांदाच हसल्या.

"कुठून शोधलीत ही खरखरीत लोकर?" त्यांनी विचारलं. "अहो, कात्री आणा."

सरांना वाटलं धक्क्याने बोलतेय. एक टाका सुटला तर सगळी रांग पळते, हे ते नुकतेच शिकले होते, आणि इथे तर मधोमध कात्री लावायची भाषा. मावशींनी समजावलं. टाका पळतो तो आपल्या रांगेतून वरखाली. मधली एक उभी रांग सोडून दोन्ही बाजूंनी बारीक टीप घातली आणि त्या रांगेवरूनच कापलं, तर पळायला जागाच राहत नाही. मऊ, गुळगुळीत लोकर तरीही निसटेल. खरखरीत लोकर एकमेकीला धरून बसते.

"तू केलंयस कधी?" सरांनी विचारलं.

"एकदा. वीतभर तुकड्यावर. लग्नाआधी."

दोन दिवस सर माझ्या छातीवर टीप घालत बसले, मावशी शेजारी बसून टाका न् टाका बघत होत्या. तिसऱ्या दिवशी लोकरवालीला बोलावून घेतलं. तिने मला जेवणाच्या टेबलावर ताणून धरलं आणि पाठ कापली जाऊ नये म्हणून आत एक पुठ्ठा सरकवला. कात्री सरांच्या हातात होती. त्यांनी यशाची शक्यता किती ते सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून कात्री खाली ठेवली.

मावशींनी ती डाव्या हातात घेतली. दोन दिवस सर टीप ठेवून उठले की त्या डाव्या हाताने वर्तमानपत्रं का कापत होत्या, ते मला तेव्हा समजलं.

पातं गार होतं. पहिला कच्च असा आवाज झाला आणि माझा खालचा काठ दुभंगला. मावशी श्वास रोखून इंच इंच वर येत होत्या. सातवं पाखरू आलं तेव्हा क्षणभर थांबल्या, मग त्याच्यावरूनही गेल्या. गळ्यापाशी शेवटचा टाका तुटला आणि मी दोन्ही बाजूंना उघडलो. कापलेली टोकं दाढीच्या खुंटांसारखी उभी राहिली आणि तिथेच थांबली.

सरांनी डोळे मिटून घेतले होते. "किती पळाले?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही," लोकरवाली म्हणाली. "उघडा डोळे."

ज्या खरखरीतपणापायी मी दोन वर्षं फडताळावर काढली, त्याच्याच जोरावर मी तग धरून होतो. त्या वेळी मला बोलता आलं असतं, तर मी काय ओरडलो असतो कोण जाणे.

दोन्ही कडांचे टाके उचलून सरांनी बटणपट्ट्या विणल्या. उलटे टाके आता टाळता येण्यासारखे नव्हते, ते शिकावेच लागले. डाव्या हाताच्या बोटांना जमतील अशी लाकडाची मोठी बटणं लागली. सातव्या पाखराची शेपूट एका बाजूला राहिली आणि चोच दुसऱ्या बाजूला.

शनिवारी सकाळी मावशींनी सर आणि मदतनीस बाई दोघांना खोलीबाहेर घालवलं. अधू हात आधी. डाव्या हाताने माझी बाही त्यांनी उजव्यावर खांद्यापर्यंत चढवली. मग मला पाठीमागून फिरवलं. डाव्या हाताला बाहीचं तोंड सापडेना. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा सापडलं. एकेक बटण लावलं. आरशात बघितलं तर एक घर चुकलेलं. कुणालाही हाक न मारता त्यांनी सगळी बटणं काढली आणि पुन्हा लावली.

दार उघडलं. सर भिंतीला टेकून उभे होते.

"चला," मावशी म्हणाल्या. "वाचनालय उघडलं असेल."

काठी टेकत त्या घराबाहेर पडल्या. आठ महिन्यांनी. सर एक पाऊल मागे होते, कारण पुढे गेले तर त्यांचा चेहरा दिसला असता.

लोकरवालीने सगळ्यांना निरोप धाडलेला. आम्ही सभागृहात शिरलो आणि वीसेक सुया एकदम थांबल्या. कुणीतरी विचारलं, स्वेटर कोणी केला. सर माझ्यातल्या चुका सांगायला लागले: तिसऱ्या पाखरामागचा धागा, डाव्या बाहीतला एक जास्तीचा टाका. मावशींनी त्यांना पुरं करू दिलं नाही.

"ह्यांनी विणला," त्या म्हणाल्या, "आणि मी कापला. या, कसा ते दाखवते."

त्या हिवाळ्यात त्या सभागृहात आणखी दोन स्वेटर कापले गेले. एक पोस्टमनचा, त्याचा खांदा निखळला होता. एक नुकत्याच बाळंत झालेल्या शिक्षिकेचा, बाळाला पाजता यावं म्हणून. दोन्ही वेळा मी मावशींच्या अंगावर होतो आणि दोन्ही वेळा एकही टाका पळाला नाही.

याला सहा हिवाळे झाले. माझी कोपरं झिजली, तिथे सरांनी रफू केलंय आणि ते नीट झालंय का हे ते अजून अधूनमधून तपासतात. अंगावर गोळे आलेत. त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्याही घरात कुणी हाताने विणलेलं काही असेल, तर त्याला कपाटात जपून ठेवू नका. झिजवा. अडेल तिथे कापा, जोडा. जपून ठेवलेल्या स्वेटराला सांगण्यासारखं काही घडत नाही.

आता मला थांबायला हवं. मावशींचा उजवा हात बाहीत गेलाय, डावाही गेला. सर चष्मा शोधताहेत, त्यांना मागून यायला सांगून झालंय. शेवटचं बटण लागतंय, आणि ही बाई आता कुणासाठीही खोळंबत नाही. माझ्यासाठीसुद्धा.