चूक सांगायची रीत

ताईंच्या जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये एक रीत होती. कुठल्याही साधनावरून उतरलं की रांगेसमोर उभं राहायचं आणि आपली चूक आपणच, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, मोठ्याने सांगायची. "गुडघा वाकला." "पाय जुळले नाहीत." मग ताई मान हलवणार आणि पुढच्या मुलीची पाळी येणार. ही रीत ताईंनीच आठ वर्षांपूर्वी सुरू केलेली, आणि तिचा त्यांना कोण अभिमान! बाहेरचे प्रशिक्षक आले की आवर्जून दाखवायच्या. "आमच्या मुली सबबी सांगत नाहीत," म्हणायच्या. खरंच सांगत नसत बिचाऱ्या.

त्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला ताई बीमशेजारी उभ्या होत्या. बीम म्हणजे ताईंच्या छातीइतकी उंच आणि पंजाएवढी रुंद अशी लांबलचक पट्टी. तिच्यावर अकरा वर्षांची एक मुलगी हात वर करून उभी होती. तिला फ्लिक मारायची होती. पाठीमागे झेप घ्यायची, हात बीमवर टेकायचे आणि गर्रकन पाय पुन्हा बीमवर आणायचे. पूर्ण गेलं तर फार तर तोल जातो, खाली मॅट असते. अर्ध्यात थांबलं तर मात्र डोकं खाली, पाय वर आणि अंगातला जोर संपलेला. पोरगी मंगळवारी नेमकी अशीच थांबली होती. ताईंनी कमरेला धरून खेचली म्हणून निभावलं, नाहीतर कपाळमोक्षच होता. ताईंचा खांदा अजून ठणकत होता.

रविवारी निवड चाचणी होती आणि संघाची यादी आज सात वाजता पाठवायची होती. "आज परत अर्ध्यात थांबलीस तर तुझं नाव काढणार," ताईंनी तिला सकाळीच सांगून टाकलं होतं. त्यात राग नव्हता, निव्वळ भीती होती. पण अकरा वर्षांच्या मुलीला तो फरक कसा कळावा?

हॉलमध्ये तिला सगळे 'पोतं' म्हणायचे. म्हणजे ताईंच्या मागे म्हणायचे, पण ताईंना ठाऊक नव्हतं असं काही नाही. चार महिन्यांपूर्वी ती बीमवरून धप्पकन पडली, उठली, रीतीप्रमाणे रांगेसमोर आली आणि म्हणाली, "पोत्यासारखी पडले." हॉल खदाखदा हसला. झालं! तेव्हापासून तिच्या बॅगेवर कुणीतरी खडूने पोतं काढायचं, ती धावत आली की 'धप्प, धप्प' असा ताल धरायचं. यात पुढाकार कॅप्टनचा. कॅप्टन चौदा वर्षांची, हॉलमधली सगळ्यात चांगली जिम्नॅस्ट आणि जिभेला हाड नसलेली. पोरंपोरं आहेत, चिडवायचीच, म्हणून ताईंनी काणाडोळा केला.

"चल," ताई म्हणाल्या. "मी आहे."

मुलगी हलली नाही. तिचे ओठ मात्र हलत होते. ताईंना वाटलं, शिकवलेलं घोकते आहे, हात वर, पोट आत, ढकल. बरंच आहे. हात द्यायला त्या आणखी जवळ सरकल्या आणि त्यांना शब्द ऐकू आले.

"गुडघा वाकणार बरं का. डावा हात सुटणार. मग पोतं पडणार. लाज वाटायला हवी, बरं का."

'बरं का' ही ताईंची सवय. आवाजही त्यांचाच होता, थोडा नाकातला, शेवटी उंच जाणारा. ती पोर वर उभी राहून स्वतःला ताईंच्या तोंडून बोलत होती, आणि त्याच दमात तिने गुडघे वाकवले.

"थांब!" ताई ओरडल्या. "खाली ये. आत्ताच्या आत्ता."

ती बसली, पाय सोडले आणि खाली उतरली. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "नाव काढलं का, ताई?"

"ते राहू दे. वर काय बोलत होतीस?"

"चुका."

"अगं पण अजून काही केलंच नव्हतंस!"

"मी आधीच सांगून ठेवते," मुलगी म्हणाली. हे तिला इतकं साधं वाटत होतं की ताईंना ते कळत नाही याचंच तिला नवल वाटलं. "आधीच सांगितलं की मग पडल्यावर दुसऱ्यांना सांगायला काही उरत नाही."

"आणि मंगळवारी? मध्येच का थांबलीस?"

"'पोतं पडणार'पर्यंत आले तेव्हा मी हवेत होते."

एवढ्यात रांगेतून बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, "पोतं उतरलं!" आणि दोन-तीन मुली फिसकन हसल्या.

मग मात्र ताईंचा पारा चढला. "कॅप्टन! इकडे ये. ये म्हणते ना! लाज नाही वाटत? चार महिने एका लहान मुलीच्या मागे हात धुऊन लागली आहेस. रविवारी तू जायचं नाहीस. बॅग उचल आणि चालती हो."

कॅप्टन पुढे आली. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "ताई, पहिल्यांदा तर तुम्हीच हसलात."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेसात झाले होते.

ताईंच्या हातात त्या क्षणी काही असतं तर त्यांनी ते फेकून मारलं असतं. चौदा वर्षांची कार्टी सगळ्यांसमोर उलट बोलते! पण बोलली ते खरं होतं. त्या दिवशी त्या हसल्या होत्या, चांगल्या पोट धरून हसल्या होत्या. वर "बघा, हिला म्हणतात खरं बोलणं," असं सर्टिफिकेटही दिलं होतं. मुलींना आणखी काय परवानगी हवी होती?

त्या मॅटच्या कडेवर बसल्या.

"हसले," त्या म्हणाल्या. "हसले आणि मग चार महिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चूक माझी आहे. तुझीही आहे, कॅप्टन, पण ती माझ्या चुकीनंतरची." त्यांनी लहानीकडे पाहिलं. "तुझी यात काहीच नाही. ऐकतेस ना? काहीच नाही. आणि ही चूक सांगायची रीत आजपासून बंद. कुणाचं काय चुकलं ते मी जवळ येऊन त्या मुलीला सांगेन, तिच्यापुरतं."

कॅप्टन रडायला लागली. बॅग उचलू की नको, तिला कळेना. ताईंनी तिला हाताने बस म्हणून खुणावलं.

"आता तुझं," त्या लहानीला म्हणाल्या. "वर गेलीस की अंगाला काय करायचंय तेवढंच सांगायचं. 'हात. ढकल. बघ.' तीनच शब्द. चौथ्याला जागाच द्यायची नाही. जमेल?"

मुलीने डोळे मिटून म्हणून पाहिलं. मग मान हलवली. "नाही जमत. तेही तुमच्याच आवाजात येतं. मग पुढचं आपोआप येतं."

ताईंनी बावीस वर्षं पोरी घडवल्या होत्या आणि आज त्यांचाच आवाज एका पोरीच्या मानेवर बसला होता. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"मग काय करू मी? सांग तू."

मुलीने घाम टिपायची पांढरी पूड हाताला चोळली. "तुम्ही हात द्यायला उभ्या राहा," ती म्हणाली. "पण बोलू नका. 'मी आहे' पण म्हणू नका. मी मोठ्याने बोलेन."

ती चढली. ताई जागेवर उभ्या राहिल्या, एक हात पुढे, एक मागे, ओठ घट्ट मिटून. वरून बारीक, चिरका आवाज आला, "हात." पुढे काही नाही. एक क्षण, दोन क्षण. तिचा डावा कोपर वाकलेला ताईंना दिसला आणि 'कोपर' हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला. मुलीचे ओठ पुन्हा हलायला लागले, आवाज नसलेले. आलं ते परत, आता थांबणार ही, ताईंना वाटलं. आणि तेवढ्यात ती पोर घसा फाडून ओरडली, "ढकल!" आणि गेली.

ती पूर्ण गेली. हात टेकले, पाय वरून आले, डावा पाय बीमवर, उजवा हुकला, आणि ती ताईंच्या बोटांना घासून मॅटवर धप्पकन पडली.

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना रांगेसमोरच्या त्या जागेकडे वळल्या. आठ वर्षांची सवय. मुलगीही उठून तिकडेच निघाली, दोन पावलं गेली आणि थबकली. ताईंना तीन चुका दिसल्या होत्या. तिन्ही त्यांनी तोंडात धरून ठेवल्या.

"मी अर्ध्यात थांबले नाही," मुलगी म्हणाली. कुणाला म्हणाली, तिचं तिलाच ठाऊक.

कॅप्टनने डोळे पुसले, येऊन सरकलेली मॅट पायाने बीमखाली ढकलली आणि परत जाऊन बसली.

सात वाजून गेले होते. ताईंनी यादीचा कागद काढला. सकाळी भीतीपोटी त्यांनी त्या नावासमोर प्रश्नचिन्ह काढलं होतं. "बोलू का आता?" त्यांनी विचारलं. मुलीने मान डोलावली. "तुझं नाव ठेवू की काढू? तू म्हणशील ते."

मुलीने कागदावरचं आपलं नाव नीट वाचलं. घाई तिला नव्हतीच, घाई ताईंना होती.

"ठेवा," ती म्हणाली. "पण परत हसलात ना, तर मी दुसऱ्या हॉलमध्ये जाईन."

"हसले तर मीच तुला तिथे नेऊन सोडेन," ताई म्हणाल्या.

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं, खरं बोलताहेत का ते. मग ती पुन्हा बीमवर चढली.