यादवबुवाची तांब्याची सळी

कामतघरच्या चाळींमागे दर गुरुवारी यादवबुवाच्या सळीपुढे रांग लागायची. तांब्याची सळी, अर्धी जमिनीत पुरलेली, वर हळदकुंकू. लकवा असो की कंप, औषध एकच.

१९९७ साली त्या रांगेत द्रौपदी नवऱ्याला धरून उभी होती. हिरामणने वीस वर्षं कापड विणायचे विजेचे लूम चालवले होते. आता मांडीवर ठेवलेला त्याचा उजवा हात सारखा कापायचा. मुंबईच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं, गोळ्या दिल्या, ऑपरेशनची तारीखही दिली. माणूस जागा ठेवून डोक्यात बारीक तार घालायची, करंट देऊन बघायचं. हात थांबला की नेमकी जागा सापडली.

"डागदर करंट घालतो, मी काढतो!" बुवा गरजला. "वीस वर्सं लूमचा करंट अंगात साचलाय. अर्थिंग न्हाय, मंग हात हलनारच! धर सळी!"

हिरामणने सळी धरली. हात थांबला. एकच जयजयकार झाला! अर्थिंग नसलेल्या लूमचा झटका तिथल्या प्रत्येकाने खाल्लेला, म्हणून बुवाचं शास्त्र सगळ्यांना घरचं वाटलं. द्रौपदी तर ढसाढसा रडली.

"गोळ्या बंद, ऑपरेशन बंद," बुवाने फर्मावलं. तिने ऐकलं.

पंधरा दिवसांत हिरामण लाकडासारखा ताठरला. घास गिळेना, ताप उतरेना. मुंबईला नेला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

"गोळ्या का थांबवल्या?"

"हात खरंच थांबला व्हता, बाई. मी डोल्यांनी बघितलाय."

द्रौपदी लूमसाठी सूत गुंडाळून कांड्या भरायच्या कामाला जायची. तिच्या पिशवीतली एक लाकडी कांडी बाईंनी उचलली. "दादा, ही धरा." हिरामणने कापत्या हाताने कशीबशी धरली. हात थांबला.

"हा कंप हात निवांत पडला की येतो. काही धरलं की बऱ्याचदा घटकाभर थांबतो. मग तांबं धरा, नाहीतर लाटणं."

द्रौपदीला आठवलं, चहाचा कप तो याच हाताने उचलायचा, तेव्हाही कंप थांबायचा. रोज समोर दिसत होतं.

"मंग आता ऑपरेशन?"

"छाती भरलीय. आता नाही."

नवव्या दिवशी हिरामण गेला.

पुढच्या गुरुवारी द्रौपदी कांडी घेऊन रांगेत शिरली. ठकुबाई नावाच्या म्हातारीचा हात थरथरत होता. "आजी, ही धर." थरथर थांबली. "आता सोड." पुन्हा सुरू.

"बघितला? सळीत काय पन न्हाय!"

ठकुबाईने कांडीला दोन्ही हात जोडले. "हिच्या कांडीतपन देव हाय गो!"

"न्हाय!" द्रौपदी ओरडली. "देव असता तर माझा नवरा गेला असता का? गोळ्या सोडू नका. डागदरला इचारा. हात का थांबला, येवढा तरी इचारा!"

कांडीला कुंकू लावायला बायका पुढे सरकल्या.