निळी वायर आणि अमंगल हात

लॅबच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. कर्वेनगरातल्या त्या संगणक केंद्रात प्रवेशाच्या दिवशीसुद्धा कधी एवढी गर्दी झाली नव्हती. शिकणाऱ्या मुली, त्यांच्या आया, समोरच्या सोसायटीतले निवृत्त काका, सगळे माना उंचावून आत बघत होते. आत यंत्रमहर्षी दिग्विजयनाथ एका संगणकाची पाशमुक्ती करत होते.

"यंत्रालाही प्राण असतो," महर्षी डोळे मिटून सांगत होते. "आणि प्राण म्हटला की त्याला क्वांटम बाधा होते! तिच्या लहरी नैर्ऋत्येकडून शिरतात आणि प्रोसेसरचा गळा धरतात."

"अगं बाई!" कुणीतरी गालावर हात ठेवला.

महर्षींनी सीपीयूच्या मागच्या वायरी एकेक करून उपटल्या. माऊसची, कीबोर्डची, नेटची. प्रत्येक वायरीला एक मंत्र. विजेची आणि पडद्याची तेवढी राहू दिली, कारण त्यांच्यावाचून चमत्कार दिसला कसा असता? मग लिंबू ओवाळलं आणि बटण दाबलं. गेले आठ दिवस सुरू व्हायला चार-चार मिनिटं घेणारा तो संगणक वीस सेकंदांत उजळला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शालनताई दाराबाहेर उभ्या होत्या. नऊ वर्षं ही लॅब त्यांनी सांभाळली होती, आणि आता त्यांनाच आत यायला मनाई होती.

झालं होतं असं. अष्टमीच्या संध्याकाळी त्यांनी बाराही संगणकांचे ड्रायव्हर आणि बायोस अपडेट केले. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होऊन यंत्राला उठवणारा मूळ प्रोग्रॅम. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा करायची, हा केंद्राचा रिवाज. दरवर्षी संचालक रावसाहेबांच्या पत्नी हळदकुंकू वाहायच्या, यंदा त्या लेकीकडे गेल्या होत्या. शालनताईंनी सहज करंडा उचलला आणि बाराही सीपीयूंना बोटं लावली. त्यांचा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. दसरा झाला, लॅब उघडली, आणि एकही यंत्र वेळेवर उठेना.

रावसाहेबांनी महर्षींना बोलावलं. महर्षींनी पूजा कोणी केली ते विचारून घेतलं आणि निदान केलं, "अमंगल हाताचं कुंकू लागलंय." त्याच क्षणापासून शालनताईंना यंत्राला शिवू दिलं नाही. पहिली पाशमुक्ती झाली, वायरी परत जोडल्या, आणि दुसऱ्या सकाळी पहिले पाढे पंचावन्न. महर्षी म्हणाले, "तो हात अजून वास्तूत आहे."

"गैरसमज करून घेऊ नका हं," रावसाहेबांनी शालनताईंना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं. "माझा स्वतःचा यावर काडीचा विश्वास नाही. पण पालक कुरकुर करतात. तुम्ही आपल्या एक तारखेपासून घरीच राहा."

शालनताईंनी घरी जाऊन कुकर लावला आणि ओट्याशी उभ्या राहून पोटभर रडल्या. नवऱ्याच्या मरणाचं खापर सासूने त्यांच्यावर फोडलं होतं, ते त्यांनी गिळलं होतं. आता बारा संगणकही त्यांच्याच नावावर मांडले गेले होते.

आज दारातून बघताना त्यांची नजर शेजारच्या, नुकत्याच सुरू केलेल्या पण अजून पाशमुक्त न झालेल्या संगणकावर गेली. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांत एक ओळ होती. ते यंत्र नेटवर्कवर काहीतरी शोधत होतं. शालनताई तडक आत शिरल्या.

"अहो, ती आत आली!" एक आई ओरडली.

"हो, आले. मला मंत्र येत नाहीत, वायर काढता येते," शालनताई म्हणाल्या. त्यांनी ते यंत्र बंद केलं आणि मागची निळी वायर काढली. नेटची, तेवढी एकच. "भाग्यश्री, मोबाईलवर सेकंद मोज गं."

पहिल्या बाकावरच्या भाग्यश्रीने मोजले. "एकोणीस, मॅडम!"

लिंबू नाही, मंत्र नाही. त्यांनी यंत्र बंद करून वायर परत खोचली आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी चार मिनिटं आठ सेकंद लागले. तेवढ्या वेळात महर्षी लिंबं गोळा करायला लागले.

"बायोस नवं केल्यावर जुनी सेटिंग पुसली गेली," शालनताईंनी सांगितलं. "नव्या सेटिंगमध्ये नेटवर्कचा नंबर पहिला लागलाय. यंत्र स्वतःची डिस्क सोडून आधी वायरीतून विचारतं, मला कुणी सुरू करतंय का? तिकडे उत्तर द्यायला कुणी नाही. वाट बघून कंटाळतं आणि मग डिस्ककडे वळतं. वायर काढली की विचारणंच संपलं. बाकीच्या वायरी महाराजांनी शोभेला उपटल्या. अपडेटनंतर सेटिंग बघायची राहिली, ही माझ्या कामातली चूक. माझ्या कपाळाचा तिच्याशी काही संबंध नाही."

महर्षी पिशवी भरता भरता जवळ आले आणि हळूच म्हणाले, "माझं आधी हार्डवेअरचंच दुकान होतं, ताई. सेटिंग बदलणाऱ्याला कुणी शाल-नारळ देत नाही."

"मोठ्याने सांगा की," शालनताई म्हणाल्या. महर्षी चपला शोधायला गेले.

अर्ध्या तासात बाराही यंत्रांत डिस्कचा नंबर पहिला लागला. निळ्या वायरी जागच्या जागी, आणि यंत्रं वीस सेकंदांत सुरू.

"वा!" रावसाहेब पुढे झाले. "मी म्हणतच होतो! एक तारखेचं विसरा बरं का. फक्त पुढच्या खंडेनवमीला हळदकुंकू आमच्या हिला करू द्या. उगाच लोकांना कशाला बोलायला जागा?"

शालनताई रागाने त्यांच्याकडे वळल्या. "लोकांना आत्ताच कारण कळलंय. तुम्हालाही कळलंय. मग आता कुणाला घाबरता? कुंकू मीच लावणार. चालणार नसेल, तर या सगळ्यांसमोर सांगा, की तुमचा विश्वास आहे."

रावसाहेबांनी आयांकडे पाहिलं. आयांनी जमिनीकडे पाहिलं.

"बघू," रावसाहेब म्हणाले.

बारा यंत्रं अर्ध्या तासात सुधारली, माणसं 'बघू'वर अडली. म्हणून हात जोडून एवढंच सांगणं आहे: काही बिघडलं, तर आधी शोधा की काल नेमकं काय बदललं. ते सापडेपर्यंत कुठल्याही बाईच्या कपाळाकडे बघू नका, आणि सापडल्यावर तिची माफी मागा. शालनताईंची अजून कुणी मागितलेली नाही.