गाडीतली रिकामी जागा

"आज मी ह्यांना गाडीत बसवणारच. बघते कोण अडवतं!"

इस्त्रीवालीने नवऱ्याला उंबऱ्यावर आणून बसवलं होतं. नवरा पूर्वी गवंडीकाम करायचा. आता सुजलेल्या पायांत त्याचे बूट नाड्या न बांधता कसेबसे अडकवलेले होते.

समोर प्रश्नवाली उभी होती. हे नाव गल्लीने ठेवलेलं. गरीब माणसं डायलिसिस का चुकवतात, यावर बाईंचं संशोधन चाललं होतं. चिठ्ठ्या टाकून तिने निम्म्या रुग्णांना दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी दिली, उरलेल्यांना नुसते प्रश्न. गाडी शेजारच्या टेलरकाकांना लागली. या घराच्या वाट्याला आलेले प्रश्न मात्र दर महिन्याला न चुकता यायचे; आजही ती तेच घेऊन आली होती.

हॉर्न वाजला. टेलरकाका गाडीत बसले आणि लगेच पलीकडच्या खिडकीला चिकटले.

"बसू द्या हो त्याला, बाई. एकाच दवाखान्यात तर जायचंय. जागा दर वेळी रिकामीच जाते."

"सोमवारी बसची पायरी चढवेना, कंडक्टरने खालीच ठेवलं ह्यांना," इस्त्रीवाली म्हणाली. "ती डायलिसिसची पाळी बुडाली. आजचीही बुडवू?"

प्रश्नवालीने बॅगेचा पट्टा घट्ट धरला. "ताई, बिनगाडीचा एक जरी माणूस गाडीत बसला, तर सगळी तुलना मोडते. रिक्षाचे पैसेसुद्धा मला देता येत नाहीत. एकदा अहवाल मान्य झाला की सगळ्यांनाच गाडी मिळेल."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला गं? हे असतील त्यात?"

लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या की काय होऊ शकतं, हे त्या गल्लीत प्रश्नवालीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिने ड्रायव्हरला निघायची खूण केली.

गाडी वळली. मग इस्त्रीवालीने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा तिचा उद्धार केला. "तुझा बाप असता इथे, तर टाकली असतीस चिठ्ठी? बोल ना! आता का दातखीळ बसली?"

गवंडी वाकून बूट काढत होता. "पुरे गं," तो म्हणाला. "उन्हातून आल्यात त्या. पाणी दे त्यांना."

इस्त्रीवाली तरातरा आत गेली आणि काठोकाठ भरलेला पेला घेऊन आली.

"घ्या. मशीन चुकलं की ह्यांचं पाणी तोडावं लागतं. औषधाच्या झाकणाने मोजून घालते मी तोंडात. तुम्हाला काय, तुम्ही पोटभर प्या."

"नको, मला तहान नाही."

"ते म्हणालेत ना द्यायला? मग प्या. इथेच, त्यांच्यासमोर."

प्रश्नवालीने पेला तोंडाला लावला. ती पीत राहिली. गवंडी पेल्याकडे बघत होता. तिने शेवटचा घोट घेतला, तेव्हा त्यानेही आवंढा गिळला.