पुलावर पाय ठेवणार नाही

आमचे हे हट्टी होते. एकदा हट्टाला पेटले की देव समजूत घालायला आला तरी त्यालाच दोन शब्द सुनावतील, असे. नाहीतर ज्या पुलासाठी स्वतः सह्या गोळा करत फिरले, त्याच पुलावर पाय ठेवणार नाही म्हणून कुणी शपथ घेईल का?

परळला आमच्या चाळीमागं रेल्वेचे रूळ. ह्यांची गिरणी रुळांपलीकडे, आणि पलीकडे जायला एकच वाट. डाव्या हाताला नाक्यावर जायचं आणि फाटक उघडायची वाट बघत उभं राहायचं. काय ती गर्दी, बाई गं! कापसाच्या गासड्यांचे खटारे, लॉऱ्या, घोड्यांच्या व्हिक्टोरिया, हातगाड्या, सगळं एकमेकांच्या बोकांडी. फाटक पडलं की खटाऱ्याचे बैल खाली बसून घ्यायचे. पाळीला उशीर झाला की हे घरी येऊन माझ्यावर डाफरायचे, जसं काही फाटक मीच पाडत होते. शेवटी हेच चाळीचाळीतून फिरले, भांडले, आणि रुळांवर पूल मंजूर करून घेतला.

पूल उभा राहीस्तोवर छपन्न साल उलटून गेलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावरच्या गोळीबारात ह्यांच्या खात्यातला शिवा गेला होता, पोराला अजून मिसरूड फुटायचं होतं. आणि पुलाची फीत कापायला त्याच सरकारचा मंत्री आला. हे काळं निशाण घेऊन गेले, गुडघ्यावर लाठी खाऊन आले, आणि जिन्यात उभे राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असे ओरडले, "संयुक्त महाराष्ट्र होईपर्यंत मी ह्या पुलावर पाय ठेवणार नाही!"

मी म्हटलं, "आधी ठेवायला पाय तर धड राहू दे. या आत, हळद लावते."

तो गुडघा मग कायमचाच गेला. एक पाऊल टप्प करून पडायचं, दुसरं घासत यायचं. पुलावरून गिरणी हाकेच्या अंतरावर, तरी हे रोज फाटकाकडून वळसा घालून जायचे. तिकडं आता चिटपाखरू नव्हतं. सगळी वाहनं पुलावर गेली, भजीवाल्यानं गाडी हलवली, इराण्यानं अर्ध्या खुर्च्या उलट्या करून ठेवल्या. त्या ओस नाक्यावरून आमचा एकटा माणूस पाय घासत जायचा. मला चीड यायची, आणि खरं सांगायचं तर ऊरही भरून यायचा. मीही त्या पुलावर कधी गेले नाही. नवऱ्यानं वळसा घालायचा आणि बायकोनं सरळ जायचं, हे काय बरं दिसतं?

अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर एक दिवस पाळीवरून आले, पाटावर बसले, पाणी मागितलं. मी तांब्या भरून आणेपर्यंत गेले.

सूर्य मावळायच्या आत उरकायचं म्हणून सगळ्यांची घाई. मी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होते. तिरडी खाली रस्त्यावर आली आणि डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळली, पुलाकडे. पुढं माझा आनंदा मडकं घेऊन, मागं खांद्याला धाकटे दीर बुधाजी. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "तिकडून नको! अरे, तिकडून नको!" पण रडारडीत बाईच्या ओरडण्याला कोण विचारतं? त्यांना वाटलं, नवऱ्याच्या नावानं फोडते आहे हंबरडा.

परत आल्यावर बुधाजी भावोजींना मी धारेवर धरलं. ते म्हणाले, "वयनी, दादा काय पायान चलत गेलो नाय. आमच्या खांद्यार गेलो. शपथ काय मोडूक नाय."

"आणि विसावा? विसावा कुठं घेतलात?"

भावोजी आनंदाकडे बघायला लागले. आमच्यात अर्ध्या वाटेवर तिरडी एकदा खाली ठेवतात. पुढचे खांदेकरी मागं जातात, मागचे पुढं येतात, आणि मगच पुढची वाट. त्यानं गेलेला माणूस घराची वाट विसरतो म्हणतात. आमच्या चाळीतल्या प्रत्येक मयताचा विसावा फाटक ओलांडल्यावरच्या पिंपळाखाली. पुलावर पिंपळ कुठला?

आनंदा खाली मान घालून म्हणाला, "आये, वरती टेकवणार होतो गं. पण हवालदारानं थांबू दिलं नाही. मागं गाड्या तुंबल्या, भोंगे वाजवायला लागल्या. तो म्हणाला, पूल थांबायला बांधलेला नाही."

म्हणजे घराची सगळी वाट ह्यांच्या डोक्यात तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला जिन्यात आवाज आला. टप्प. मग घासल्याचा. पुन्हा टप्प. शेजारची कांता दारात तांदूळ निवडत होती, ती सवयीनं म्हणाली, "राधाबाई, आले बघा तुमचे," आणि म्हटल्यासरशी तिच्या हातातलं सूप खाली पडलं. पावलं आमच्या दाराशी येऊन थांबली. दार उघडंच होतं. उंबऱ्यापलीकडे कुणी नव्हतं. थोड्या वेळानं पावलं परत जिना उतरायला लागली.

भीती वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं, आले ना, मग येऊ दे. दुसऱ्या दिवशी मी पाट मांडला, तांब्या भरून ठेवला. "या, बसा," म्हटलं. बसले नाहीत. उतरले, परत चढले. परत उतरले. रोज तेच. जिवंत होते तेव्हा एकदा जिना चढले की गुडघ्यापायी सकाळपर्यंत उतरत नसत. आता सगळी संध्याकाळ चढउतार, आणि प्रत्येक खेपेला ते घासणं जास्त लांबत चाललेलं. एरवी सगळ्याची थट्टा करणारे बुधाजी भावोजी कानावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. मला रडू फुटलं. बसायची सोय नाही, जायची वाट नाही, माझ्या माणसाचे हे काय हाल!

दहाव्याला जीवखडा पाण्यात सोडतात. मडकं फोडलेला तो दगड म्हणजे गेलेला माणूसच, तेवढे दिवस. तो सोडायच्या आत ह्यांना विसावा मिळाला नाही तर हे असेच जिने चढत राहणार, कायमचे. नवव्या दिवशी दुपारी मी गॅलरीतल्या कोनाड्यातून दगड उचलला.

आनंदा दचकला. "आये, बायका त्याला हात लावत नाहीत!"

"इतकी वर्षं त्यांच्या शर्टांचा घाम धुतला, तेव्हा कुणी म्हणालं नाही हात लावू नको म्हणून. चल माझ्याबरोबर."

दगड पदरात घेऊन मी डावीकडे वळले. ओस नाका, उघडं फाटक. इराण्यानं मला पाहिलं आणि उभा राहिला. पिंपळाखाली मी दगड ठेवला, जरा वेळ बसू दिला. मग आनंदाला म्हटलं, "इथपर्यंत मी आणलं. इथून पुढं तू ने. स्मशानात नेऊन टेकव, आणि उद्या तिथूनच दहाव्याला ने. घरी आणू नकोस."

आनंदा दगड घेऊन गेला. तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत मी उभी राहिले आणि घराकडे निघाले.

टप्प. घासल्याचा आवाज. माझ्या मागं.

मी मागं न बघता म्हटलं, "अहो, तिकडं जा. आनंदाबरोबर जा." मी चालले की पावलं चालायची, थांबले की थांबायची. विसाव्यानं घराची वाट ते विसरले होते, पण माझी पाठ तेवढी सोडत नव्हते. "ऐका ना एकदा तरी माझं!" कसलं ऐकतात! जन्मभर ऐकलं नाही ते मेल्यावर ऐकणार?

आणि मग मला सुचलं. सुचलं त्याच क्षणी वाटलं, नसतं सुचलं तर बरं झालं असतं. मी फाटकाकडे जायची ती रुळांच्या कडेकडेनं पुलाकडे निघाले. पावलं मागं होतीच. पुलाच्या तोंडाशी आले. लॉऱ्या धडधडत वर चालल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पुलावर पाय ठेवला.

मागची पावलं थांबली.

मी चढत राहिले. रडत रडत चढले, पण वळून पाहिलं नाही. संयुक्त महाराष्ट्र अजून झाला नव्हता, आणि आमचे हे शब्दाचे पक्के. त्या संध्याकाळी जिना वाजला नाही. नंतरही कधी वाजला नाही. कांता म्हणाली, सुटले हो दत्तारामभाऊ. मी मान हलवली. पण माझ्या मनाला ठाऊक होतं, कुठं सुटले? मी त्यांना पुलाच्या तोंडाशी उभं करून आले होते, त्यांच्याच शपथेनं बांधून.

साठ सालच्या मे महिन्याची पहिली तारीख उजाडली. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला! गिरण्यांना रोषणाई, रस्त्यात गुलाल, बुधाजी भावोजी ढोल बडवत चाळभर नाचले. आनंदानं माझ्या तोंडात पेढा कोंबला. तो तोंडात तसाच धरून मी बाहेर पडले.

पुलावर माणसंच माणसं, कठड्याला दिव्यांच्या माळा. गर्दीतून वाट काढत मी पलीकडे उतरले, पावलं थांबली होती त्या जागेवर गेले. तिथं कुणीच उभं नव्हतं, एवढ्या गर्दीत तेवढी जागा मोकळी होती. पदर सावरून मी म्हटलं, "झाला हो. तुमचा महाराष्ट्र झाला. आता काही आडकाठी नाही. चला घरी."

आणि पुलाकडे वळले. ढोलताशात मागचं काही ऐकू येत नव्हतं, आणि वळून मी बघणार नव्हते. पण चालले मात्र अगदी सावकाश. त्यांच्या गुडघ्याला चढ सोसत नसे.